आज दर काय, मिलो?

मिलो हवोर्का आणि अल्विन कुबिक यांचं भांडण मी ऐकलं तेव्हा माझ्या हातात फरशी पुसायची बादली होती. आमच्या गावची लिपोव्हा स्टेट बँक शनिवारी दुपारी बंद झाली की तिची झाडलोट माझ्याकडे असे. मिलो बँकेचा प्रमुख, त्याची खोली मागच्या अंगाला. तिचं दार नीट लागत नसे. अजूनही लागत नाही, कारण दारावर पैसे घालवणारा मिलो नव्हे.

"यंदा नफाच नाही, अल्विन," मिलो म्हणत होता. "नफा नाही तर शेअरला भाव कुठून येणार? चाळीस डॉलर देतोय हे उपकार समज."

"नफा नाही, कारण तू सगळी नासकी कर्जं एकाच वर्षात बुडीत दाखवलीस." अल्विन कॅशियर होता, आणि एरवी इतका हळू बोलायचा की काउंटरवर लोकांना मान पुढे काढावी लागायची. त्या दिवशी मला मान काढावी लागली नाही. "वह्या मी लिहितो, मिलो. त्यातली निम्मी कर्जं फिटणार आहेत. तुलाही ठाऊक आहे."

"फिटतील तेव्हा फिटतील."

"आणि तोवर माझे शेअर तुझ्या कंपनीच्या घशात."

"हे बघ. शेअर दिलेस तर कॅशियरची खुर्ची तुझीच राहील. नाही दिलेस तर ते कागद घेऊन घरी बस. दहा वर्षं लाभांश काढणार नाही मी. तुझ्या म्हाताऱ्या आईच्या इस्पितळाचं बिल मग कशातून भरतोस ते बघतो."

बादली खाली ठेवली तर वाजेल, म्हणून मी ती तशीच धरून उभी. पाणी जड असतं हो. शेवटी अल्विन म्हणाला, "पेन आण," आणि मी पाय न वाजवता पुढच्या हॉलमध्ये गेले.

ती कंपनी म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा कुणालाच धड कळलं नव्हतं. बँकेच्या डोक्यावर आणखी एक कंपनी बसवलेली. बँक लिपोव्हाची, बँकेची मालक ती कंपनी, आणि कंपनीचा मालक हळूहळू मिलो. गावातल्या नऊ घरांत आजोबांच्या वेळचे शेअरांचे गठ्ठे होते. त्या एका वाईट वर्षात नऊही घरांनी चाळीस चाळीस डॉलरला देऊन टाकले. पुढे कर्जं फिटली, नफा वर आला, आणि तीन वर्षांत त्याच शेअरचा भाव दोनशेच्या वर गेला. बाकी ज्यांच्याकडे दोन-चारच शेअर होते त्यांचे तेवढे मिलोने राहू दिले, कारण वर्षाच्या सभेच्या जेवणाला पंगतीत माणसं तर हवीत.

बँकेतून निघाले ती सरळ कुबिकांच्या घरी गेले. अल्विनची बायको व्लास्ता मागच्या अंगणात मारलेली बदकं साफ करत बसली होती. कोपरापर्यंत पिसं. मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "परत सांग, अडेला. सगळं. त्याच्याच शब्दांत."

मी परत सांगितलं. तिने हातातलं बदक खाली ठेवलं नाही.

सहा महिन्यांनी बँकेत संगणक आला आणि अल्विनची खुर्चीही गेली. तो धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायला लागला. पांढऱ्या शर्टातला माणूस, दिवसभर भुशात. चौथ्या हिवाळ्यात वजनकाट्याच्या खोलीतच छाती धरून बसला तो उठलाच नाही. मिलोने फुलं पाठवली. व्लास्ताने ती बदकांना घातली. बदकांनीही खाल्ली नाहीत, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

आता व्लास्ता कशी होती ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ती रात्रंदिवस दातओठ खात बसलेली बाई होती. तसं मुळीच नव्हतं. ती हसायची फार. उंच, हाडापेराने मजबूत, हात एवढे मोठे की कणकेचा गोळा तिच्या तळव्यात दिसायचा नाही. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तिच्या हुकमात होतं. गावात लग्न असो, बारसं असो, मयत असो, जेवण तिथून निघायचं. बदक, क्नेडलिकचे उकडलेले पिठाचे गोळे, आंबट कोबी, आणि कोलाची, म्हणजे मध्ये सारण भरलेले गोड पाव. खसखशीच्या कोलाची तिच्यासारख्या कुणाला जमल्या नाहीत. मलाही नाही, आणि मी चाळीस वर्षं तिच्या शेजारी उभी राहून भरल्यात.

पण मिलोचं नाव निघालं की तिचं हसू एका बाजूला राहायचं. नाताळात बँक घरोघर कॅलेंडर वाटते. आमच्या सगळ्यांच्या भिंतीवर तेच असतं. व्लास्ता ते मागून घ्यायची आणि बदकांच्या खुराड्यात खाली अंथरायची, जानेवारीपासून ओळीने. खातं मात्र तिने त्याच बँकेत ठेवलं. मी एकदा म्हटलं, काढ की, शेजारच्या गावात आहे दुसरी बँक. तर म्हणाली, "मी गेले तर त्याला वाटेल संपलं. मी इथेच आहे हे त्याला दिसलं पाहिजे."

नुसतं दिसून काय होणार, असं मला वाटायचं. वर्षामागून वर्षं मिलो श्रीमंतच होत गेला. पोट सुटलं, दात नवे बसवले, ॲरिझोनात घर घेतलं, गोल्फच्या मैदानाला लागून. त्याची बायको डार्लीन बागेतल्या निवडुंगाचे फोटो दाखवत फिरायची. पोरगं शिकागोला, त्याला बँक नको होती. मग काही वर्षांपूर्वी बातमी आली की ओमाहाच्या एका मोठ्या बँकेला मिलोची कंपनी हवी आहे. बोलणी झाली की मिलो विकणार आणि निवडुंगात जाऊन बसणार.

त्या दिवशी व्लास्ताने पीठ फेकून दिलं. खरंच फेकलं, सबंध परात. "चालला," ती म्हणाली. "हात धुऊन चालला."

त्या मार्चमध्ये कंपनीच्या सभेचं जेवण नेहमीसारखं गावाच्या सोकोल हॉलमध्ये होतं, आणि स्वयंपाक नेहमीसारखा आमच्याकडे. मुख्य टेबलाशी ओमाहाहून आलेले दोघे, एक पुरुष, एक बाई. मिलो मध्ये. व्लास्ता रस्सा वाढत होती आणि मी मागून कोबी. वाढणाऱ्या बाईला कान असतात हे मिलोला जन्मात कधी सुचलं नाही. ती त्याची चूक.

ओमाहाचा माणूस विचारत होता, "तुमचा नफा असा कसा? एवढीशी बँक. आमच्याकडे मोठ्या बँकांना जमत नाही."

"सोपं आहे," मिलो म्हणाला आणि बदकाची तंगडी हातात धरून शिकवायला लागला. "कर्जाच्या व्याजाचा एक डॉलर आत आला. दुसरीकडे त्यातले चाळीस सेंट ठेवीदार घेऊन जातो. आमच्याकडे पंधरा. पन्नास सेंट पगार, वीज, इमारत. राहिले पस्तीस. ते आमचे."

"पण ठेवीदार पंधरावर कसे थांबतात? बाहेर दर इतके चढलेत."

"आमची माणसं विचारत नाहीत." मिलो हसला. "ठेवीची मुदत संपली की आम्ही पत्र टाकतो. ते पत्र फ्रिजवर चिकटवतात. बाकी काही करत नाहीत, म्हणून ठेव पुन्हा जुन्याच दराने बसते, अर्धा टक्का. जो येऊन विचारेल त्याला पाच टक्के देतो. काउंटरवरच्या पोरींना सांगून ठेवलंय, मागेल त्याला द्या, न मागेल त्याला आठवण करू नका. अहो, इथे दर विचारणं म्हणजे मला चोर म्हणण्यासारखं आहे. म्हाताऱ्या बायका तर मेल्या तरी विचारणार नाहीत. त्यांच्याच तर ठेवी आहेत सगळ्या."

तो म्हणत होता ते खरं होतं. आमच्यात दर विचारत नाहीत. बापाने कधी विचारला नाही, नवऱ्याने विचारला नाही. बँकवाला चर्चमध्ये तुमच्या पुढच्या बाकावर बसतो, त्याला तोंडावर कसं विचारणार की बाबा रे, तू मला कमी तर देत नाहीस ना?

व्लास्ताने त्याच्या ताटात रस्सा वाढला. अगदी काठापर्यंत. "पुरे, पुरे," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता.

स्वयंपाकघरात आल्यावर तिने दार लावलं आणि दाराला टेकून हसायला लागली. मला वाटलं तिला काही झालं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "बायका विचारत नाहीत म्हणून तो खातो. एवढंच. एवढंच आहे ग ते सगळं!"

"मग?"

"अल्विनला काय म्हणाला होता? नफा नाही तर भाव नाही. बरं. आता नफा नाही. बघू भाव कुठून आणतो."

पुढच्या गुरुवारी कोलाचींचा दिवस होता. तळघरात आम्ही बारा-चौदा बायका, बहुतेक विधवा, पीठ थापत होतो. व्लास्ताने सगळं सांगितलं, मिलोच्याच शब्दांत. शेवटी म्हणाली, "मेल्या तरी विचारणार नाहीत, असं म्हणाला तो." तेवढं बायकांना लागलं. आकडे कुणाला समजले नव्हते, पण ते वाक्य समजलं.

तरी तोंडातून शब्द बाहेर यायला पाहिजे ना. मग व्लास्ताने तालीम सुरू केली. स्वतः मिलो झाली, पोट पुढे काढून खुर्चीत बसली. समोर बोझेना उभी. बोझेनाचं वय एक्क्याऐंशी, आणि तिची ठेव गावात सगळ्यांत मोठी. तीन शेतं विकली होती तिच्या नवऱ्याने.

"बोल," व्लास्ता म्हणाली.

"नमस्कार मिलो. आई कशी आहे तुझी?"

"आई मेली त्याची, कधीच. दर विचार."

"अगं पण एकदम असं कसं? जरा पावसापाण्याचं तरी बोलू दे."

"पाऊस पडतोय. दर विचार."

"मिलो, मला... मला जरा विचारायचं होतं... तुला राग येणार नसेल तर..."

"त्याला राग येऊ दे! राग यायलाच पाहिजे! परत."

बोझेनाने एप्रन तोंडाला लावलं. "माझा जीव जातोय ग. माझ्या मुलीला मुलगा झाला तेव्हा एवढी घाबरले नव्हते."

"मुलगा फुकट झाला. इथे पैसे आहेत," लिलियन म्हणाली, ती आमच्यातली तिखट. "हे असं विचार." कंबरेवर हात ठेवून ती व्लास्तासमोर उभी राहिली. "आज दर काय, मिलो? आणि पाटीवरचा सांगू नकोस. दुसरा सांग."

तळघर हसून दणाणलं. तीच ओळ ठरली. त्या दिवशी कोलाची भाजताना बायका तीच ओळ म्हणत होत्या, प्रत्येक ट्रेला एकदा.

पहिली गेली बोझेना. सोमवारी सकाळी, चर्चचा कोट घालून. काउंटरवर माझी नात केल्सी होती. ती सांगते, म्हातारीने आधी आईची, मग पावसाची, मग केल्सीच्या कुत्र्याची चौकशी केली, आणि मग डोळे मिटून ओळ म्हटली, "मिलो"सकट. केल्सी म्हणाली, "पाच टक्के, मिसेस बोझेना." म्हातारीने डोळे उघडले. "बस? एवढंच असतं?" घरी जाऊन तिने पंधरा बायकांना फोन केले.

उन्हाळाभर लिपोव्हात तेच. ठेवीची मुदत संपायची, पत्र यायचं, आणि फ्रिजवर न जाता पर्समध्ये जायचं. बायका जोडीने जायच्या, बाजाराला निघाल्यासारख्या. बायकांचं बघून पुरुषही जायला लागले, आणि मग काय, मक्याच्या शेतात उभं राहून फोनवर दर विचारायचे. मिलोला नाही म्हणता येईना, कारण नाही म्हटलं तर ठेव शेजारच्या गावी जाणार. हो म्हटलं तर डॉलर जाणार. मला विचाराल तर मला मजा वाटत होती. खोटं कशाला बोलू? रविवारी चर्चमध्ये मिलोच्या मानेवर लाल ठिपके यायला लागले होते, आणि मी प्रार्थनेच्या पुस्तकाआडून ते मोजत नव्हते एवढंच.

ऑक्टोबरात तो व्लास्ताच्या दारात आला. आम्ही दोघी सफरचंदं सोलत होतो. टोपी हातात, बूट पुसून आत आला. व्लास्ताने त्याला खुर्ची दिली नाही. त्याने आपणच ओढून घेतली.

"थांबव हे, व्लास्ता."

"काय थांबवू?"

"तुला माहीत आहे. बायकांना तू शिकवलंस."

"विचारणं पाप आहे का? पाद्र्याला कन्फेशनमध्ये सांगू?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "डॉलरमागे पंधरा द्यायचो, ते अडतीसवर गेले. पगार, वीज तसेच. खाली बारा सेंट उरतात मला. बारा! ओमाहाची माणसं नोव्हेंबरात पुन्हा येतायत. काय दाखवू त्यांना?"

"सांग की यंदा नफाच नाही." व्लास्ताचं सफरचंद थांबलं नव्हतं. साल लांबच लांब निघत होतं. "नफा नाही तर शेअरला भाव कुठून येणार, मिलो? जे देतील ते उपकार समज."

मिलोने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर बादली, दार, शनिवार, सगळं एकदम आलेलं मी पाहिलं. मी सोलत राहिले.

"किती हवेत?" तो शेवटी म्हणाला. "अल्विनच्या शेअरचा फरक देतो. आज चेक लिहितो. व्याजासकट."

त्या घरात तेव्हा छप्पर गळत होतं. कोपऱ्यात दोन पातेली ठेवलेली मिलोलाही दिसत होती. मला वाटलं घेईल. मला वाटलं घ्यावं.

"चेक नको," ती म्हणाली. "मार्चच्या जेवणात उभा राहा आणि सांग. अल्विन खरं बोलत होता, ते वर्ष मी बिघडवलं. सगळ्यांसमोर. एवढं सांगितलंस की मी बायकांना सांगते, बस झालं."

"सगळ्यांसमोर?" तो उठलाच. "तशी नऊ घरं आहेत, बाई! त्यांची पोरं मला कोर्टात उभं करतील."

"हो."

"तुला हेच हवंय."

"मला तू उभा राहायला हवा आहेस. कुठे, ते तू ठरव."

तो गेला. जाताना टोपी विसरला, परत आला, टोपी घेतली, आणि दारात म्हणाला, "अल्विन चांगला माणूस होता." व्लास्ताने हातातली सुरी टेबलावर ठेवली, अगदी हळू. म्हणाली, "बाहेर हो."

ओमाहाची माणसं नोव्हेंबरात आली, दोन दिवस वह्या बघितल्या, आमच्या तळघरातून डझनभर कोलाची विकत घेतल्या आणि गेली. मागून आला तो भाव आधीच्या निम्म्याहून कमी. मिलोने ताठ्याने नाही म्हटलं. त्याला वाटलं ते पुन्हा बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात एक बँक मिळाली, जिथे बायका अजून विचारत नव्हत्या.

डार्लीन एकटीच ॲरिझोनाला गेली. मिलो राहिला, सत्त्याहत्तराव्या वर्षी, रोज सकाळी खुर्चीत. पोराला नको, ओमाहाला नको, आणि तो उठला तर बारा सेंटही राहणार नाहीत.

पण हे एवढ्यावर थांबलं असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं. मिलोला खर्च कापायचे होते, आणि तो कुठून कापतो ते आम्हाला माहीत असायला हवं होतं. जानेवारीत केल्सीचे कामाचे तास निम्मे झाले. तिला तीन वर्षांचं पोर आहे. मी तडक व्लास्ताकडे गेले.

"आता बस," मी म्हटलं. "माझ्या नातीच्या ताटातलं जातंय."

"ते मिलोने काढलं, मी नाही."

"तुला ठाऊक होतं तो काढणार. तो स्वतःच्या ताटातलं काढेल असं वाटलं होतं तुला?"

ती खिडकीपाशी गेली. खुराड्यात त्या वर्षाचं कॅलेंडर अंथरलेलं असणार. "केल्सीचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "तिच्या पोराला मी सांभाळते, सकाळी तिने दुसरं काम बघावं. पैसे घेणार नाही. पण हे थांबवणार नाही, अडेला. अल्विनच्या वेळी माझ्यासाठी कुणी थांबलं?"

"मी तुझ्याकडे धावत आले होते."

"आली होतीस," ती म्हणाली. "म्हणून तर तुला दार उघडते."

आम्ही महिनाभर बोललो नाही. कोलाचींच्या दिवशी ती टेबलाच्या त्या टोकाला, मी या. मीठ पाहिजे असेल तर लिलियनला सांगायचो. मग एक दिवस पोर तिच्या कडेवर होतं, त्याच्या नाकाला खसखस लागलेली, आणि मला हसू आलं, आणि झालं. केल्सीला कोठाराच्या कचेरीत काम मिळालं, आणि पगार बँकेपेक्षा बरा. पण ते मिळेपर्यंतचे दोन महिने मी विसरले नाही, आणि व्लास्तानेही मला विसरायला सांगितलं नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी व्लास्ता बँकेत जायला लागली. ठेवीची मुदत संपलेली असो वा नसो. तिची ठेव केवढी, दोन हजार डॉलर. तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, म्हणून गाडी मी चालवायची. काउंटरवर नाही जायची ती. सरळ मागच्या खोलीत, त्या न लागणाऱ्या दाराला काठी लावून आत. मिलोला उठून उभं राहावं लागायचं, कारण आमच्यात म्हातारी बाई आत आली की पुरुष उभा राहतो, आणि बाहेर काउंटरवर सगळे बघत असायचे. ती दर विचारायची. तो सांगायचा. ती लगेच बसायची नाही. ती बसेपर्यंत त्याला बसता यायचं नाही.

दोन मार्च गेले. दोन्ही जेवणांत तिने त्याला रस्सा वाढला, आणि दोन्ही वेळा तो भाषणाला उठला तेव्हा परात हातात धरून दारात उभी राहिली. त्याने हवामानाबद्दल सांगितलं, बँकेच्या नव्या छपराबद्दल सांगितलं, आणि खाली बसला.

ती गेली तिसऱ्या मार्चमध्ये, जेवणाच्या आधी, एका सोमवारी पहाटे झोपेत. त्याच्या आधीचा शुक्रवार सांगते.

बाहेर रस्त्यावर घाण झालेला बर्फ होता. तिने चर्चचा कोट घातला, अल्विनचा मफलर गुंडाळला, आणि पायऱ्या उतरताना माझा हात धरला नाही. बँकेत गरम होतं. काउंटरवर नवी पोरगी होती, ती म्हणाली, "मिस्टर हवोर्का कामात आहेत," आणि व्लास्ता म्हणाली, "हो, माझ्याच," आणि काठीने दार ढकललं.

मिलो उठला. आता त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागतो.

"आज दर काय, मिलो?"

"चार पॉइंट एक."

"मागच्या शुक्रवारी?"

"तेवढाच होता, व्लास्ता."

"पुढच्या महिन्यात उतरेल का?"

"उतरेल कदाचित."

"उतरला तरी येईन."

"माहीत आहे."

ती उभी राहिली. भिंतीवरचा त्याच्या बापाचा फोटो बघितला, मग खिडकी बघितली, मग त्याच्याकडे. तो पाय बदलत होता. बाहेर फोन वाजला, कुणी उचलला. त्याने एकदा तोंड उघडलं, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिने मान जराशी पुढे काढली. पण त्याने नुसता रुमाल काढला आणि नाक पुसलं.

"बरं," ती म्हणाली, आणि बसली नाहीच, तशीच वळली.

गाडीत बसल्यावर मफलर सैल करत म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी अर्धा तास आधी ये, अडेला. बाराला जेवायला जातो मेला. त्याच्या आधी गाठू."